सगळेच पासवर्ड 'स्ट्राँग' कामून निघायलेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी मिनी प्रोजेक्ट म्हणून पायथनमध्ये पासवर्डची ताकद मोजणारा प्रोग्रॅम लिहितोय. त्यात पाच तपासण्या आहेत: लांबी किमान आठ, एक कॅपिटल अक्षर, एक स्मॉल अक्षर, एक अंक, एक विशेष चिन्ह. प्रत्येकीला एक गुण, आणि पाचपैकी पाच आले की 'स्ट्राँग'. प्रोग्रॅम चालतो, सरांनीही होकार दिलाय. पण हॉस्टेलवरच्या मित्रांनी टाकलेले जवळपास सगळेच पासवर्ड 'स्ट्राँग' निघतायत, म्हणून तो विचारतो, "सगळेच कामून पास व्हायलेत?"

शंका रास्त आहे, आणि ती तुला आली यातच निम्मा प्रोजेक्ट झाला. मी गेली बरीच वर्षं संभाजीनगरात सॉफ्टवेअर टेस्टिंग आणि सिक्युरिटीच्या तपासणीचं काम करतो. नव्यानं लागलेल्या मुलांकडून हाच प्रोग्रॅम लिहून घेतो, आणि तो पहिल्यांदा नेहमी तुझ्यासारखाच लिहिला जातो. इफ-एल्स, लूप, स्ट्रिंगची फंक्शनं शिकायला तो उत्तम आहे. पण तो ताकद मोजत नाही. पासवर्डनं नियम पाळले का, एवढंच मोजतो.

एक उदाहरण देतो. या उत्तरात पासवर्ड मी देवनागरीत लिहितोय, पण ते इंग्रजी कीबोर्डवरून, पहिलं अक्षर कॅपिटल ठेवून टाईप केलेले समज. तुझ्या प्रोग्रॅमला 'मराठवाडा@१९४८' दे. पंधरा अक्षरं, कॅपिटल आहे, स्मॉल आहे, अंक आहेत, चिन्ह आहे. पाचपैकी पाच. आता आपल्या भागात वाढलेल्या कोणालाही सांग, की मराठवाड्याच्या माणसानं 'मराठवाडा' लिहून पुढे एक साल टाकलंय, ओळख. मुक्तिसंग्रामाचं साल सांगायला त्याला कॉम्प्युटर लागणार नाही.

हे पाच नियम आले कुठून, तेही माहीत असू दे, व्हायव्हाला विचारतात. अमेरिकेच्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या सरकारी संस्थेत बिल बर नावाच्या अधिकाऱ्यानं २००३ च्या सुमारास पासवर्डबद्दल मार्गदर्शक मजकूर लिहिला. कॅपिटल, अंक, चिन्हं मिसळा आणि ठरावीक दिवसांनी बदला, हा सल्ला तिथून जगभर पसरला. २०१७ मध्ये निस्टनं नवी मार्गदर्शिका काढली आणि अशी सक्ती करू नका, ठरावीक मुदतीनं बदलायला लावू नका, त्यापेक्षा लांबी बघा आणि चोरीला गेलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहा, असं सांगितलं. निवृत्त झालेल्या बर यांनी त्याच वर्षी आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. आपल्याकडच्या कितीतरी वेबसाइटी अजून जुन्याच सल्ल्यावर अडून आहेत, ती गोष्ट निराळी.

सक्तीनं बिघडतं काय, ते शिष्यवृत्तीच्या फॉर्मच्या दिवसांत कोणत्याही ऑनलाईन सेंटरवर पाहायला मिळतं. बाहेर रांग, आत एक ऑपरेटर. साइट म्हणते कॅपिटल पाहिजे, अंक पाहिजे, चिन्ह पाहिजे. पोरगं गोंधळतं, मागचे ओरडतात, ऑपरेटर स्वतःच टाईप करून मोकळा होतो: पोराचं नाव, पुढे '@१२३'. मग ते वहीत लिहून ठेवतो, कारण पुढच्या वर्षी हेच पोरगं पासवर्ड विसरून परत येणार हे त्याला ठाऊक असतं. त्या वहीतला प्रत्येक पासवर्ड तुझ्या प्रोग्रॅममध्ये पाचपैकी पाच घेईल.

तेव्हा गुण मोजायचं सोड. मोजायचं ते एकच: जो माणूस हा पासवर्ड ओळखायला बसलाय, त्याला किती प्रयत्न लागतील?

तो माणूस दोन प्रकारे बसतो. एक लॉगिनच्या पानावर. तिथे पाच-दहा चुका झाल्या की खातं लॉक होतं, म्हणून तिथे फार अंदाज मारता येत नाहीत. दुसरा प्रकार खरा धोक्याचा. एखाद्या साइटचा डेटाबेस चोरीला जातो, त्यात पासवर्डांचे हॅश (पासवर्डावरून काढलेला, उलटा फिरवता न येणारा सांकेतिक मजकूर) असतात, आणि चोर आपल्या घरी निवांत बसून एकेक अंदाज हॅश करून जुळवत राहतो. तिथे त्याला थांबवणारं कोणी नाही. साइटनं एमडी५ सारखा जुना, झटपट हॅश वापरला असेल तर एका ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासून होतात. बीक्रिप्टसारखा मुद्दाम संथ केलेला हॅश असेल तर हाच वेग लाखोंपटीनं खाली येतो. साइटनं काय वापरलंय ते आपल्या हातात नसतं, म्हणून हिशोब वाईट शक्यता धरूनच करायचा.

आता गणित. तू कदाचित एंट्रॉपीचं, म्हणजे पासवर्ड ओळखणं किती अवघड ते बिटांत मोजण्याचं, सूत्र वाचलं असशील: कीबोर्डवर टाईप होणारी ९५ अक्षरं-चिन्हं, म्हणून प्रत्येक जागेला सुमारे ६.५७ बिट, गुणिले लांबी. एक बिट वाढला की शक्यता दुप्पट होतात. १० बिट म्हणजे हजारभर अंदाज, २० म्हणजे दहा लाख, ३० म्हणजे शंभर कोटींच्या घरात. या सूत्रानं 'मराठवाडा@१९४८' ला ९८ बिट मिळतात, म्हणजे विश्वाच्या अंतापर्यंत फुटणार नाही असा पासवर्ड! सूत्र बरोबर आहे. फक्त त्याला एक अट आहे आणि ती बहुतेक जण गाळतात: प्रत्येक अक्षर फासा टाकून निवडलेलं असलं पाहिजे. माणूस फासा टाकत नाही. तो गावाचं नाव लिहितो.

चोराच्या बाजूनं तोच हिशोब कर. त्याच्याकडे आपल्याकडच्या ५,००० शब्दांची यादी आहे असं धर. प्रत्येक शब्द तीन तऱ्हांनी: सगळा स्मॉल, पहिलं अक्षर कॅपिटल, सगळा कॅपिटल. मध्ये येणारी पाच आवडती चिन्हं. शेवटी २,००० आवडत्या शेपट्या, म्हणजे सालं, '१२३', '००७' वगैरे. गुणाकार १५ कोटी, जेमतेम २७ बिट. सेकंदाला दहा लाख एवढ्या बेताच्या वेगानंही अडीच मिनिटांत सगळं तपासून संपतं. ९८ आणि २७ यांच्यातला हा फरक दाखवणं हाच तुझा प्रोजेक्ट. बाकी सजावट.

मोबाईल नंबरचंही असंच. आपल्याकडे घरच्या वायफायचा पासवर्ड म्हणजे बाबांचा नंबर, हे इतकं पक्कं आहे की पाहुणे विचारतही नाहीत. भारतातला मोबाईल नंबर दहा आकडी आणि पहिला आकडा ६ ते ९, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. दहा लाखांच्या वेगानं तासाभराहून थोडं जास्त. शिवाय नंबर भिंतीवरच्या बोर्डावरच लिहिलेला असेल तर एकच प्रयत्न पुरतो. जन्मतारीख आठ आकड्यांत लिहिली तर शंभर वर्षांच्या मिळून साडेछत्तीस हजार तारखा. त्या आठ आकड्यांना 'लांबी ठीक' म्हणायचं का ते तूच ठरव. ई-आधारची पीडीएफ उघडायला नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष लागतं. तेच सूत्र लोक उचलून दुसरीकडे वापरतात. नाव माहीत असेल तर ते शंभरेक अंदाजांचं काम आहे.

आता प्रोग्रॅम कसा लिहायचा ते. मुख्य फंक्शननं काही छापू नये, आकडा आणि कारण परत द्यावं. छापणं वेगळ्या फंक्शनचं काम. हे आत्ता कंटाळवाणं वाटेल, पण टेस्ट लिहिताना जीव वाचतो. सांगाडा साधारण असा:

अंदाज(पासवर्ड):
  उत्तरं = रिकामी यादी
  चोरीच्या यादीत सापडला → यादीतला क्रमांक टाक
  शेपूट सोलून आपल्या शब्दांत सापडला → शब्द × तऱ्हा × चिन्हं × शेपट्या टाक
  तारीख, मोबाईल, कीबोर्डची ओळ, तेच ते अक्षर → त्या-त्या शक्यता टाक
  काहीच नाही सापडलं तरी → संच (वापरलेल्या प्रकारांतली एकूण अक्षरं-चिन्हं) घात लांबी टाक
  सगळ्यांत लहान आकडा आणि त्याचं कारण परत दे

सगळ्यांत लहान आकडा का? चोर सगळ्यांत सोपी वाटच पकडणार म्हणून. तुझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये गुणांची बेरीज होती. बेरजेत एक चांगली गोष्ट दहा वाईट गोष्टी झाकते.

चोरीची यादी. २००९ च्या डिसेंबरात रॉकयू नावाच्या कंपनीचा डेटाबेस फुटला आणि ३.२ कोटी पासवर्ड उघडे पडले, कारण ते हॅश न करता जसेच्या तसे ठेवले होते. त्यात सगळ्यांत जास्त लोकांचा पासवर्ड होता '१२३४५६'. त्यातले सुमारे १.४ कोटी वेगवेगळे पासवर्ड आजही सराव आणि संशोधनासाठी वापरले जातात. तुला सगळे नकोत. वरचे दहा हजार पुष्कळ झाले. यादी 'लिस्ट'मध्ये नको, डिक्शनरीत क्रमांकासकट भर, शोध चटकन होतो. आणि ती फाईल यूटीएफ-८ म्हणून उघडशील तर मध्येच डिकोड एरर येईल. एन्कोडिंग, म्हणजे बाइटांची अक्षरं करायची रीत, लॅटिन-१ सांग. या एका ओळीपायी पोरांची संध्याकाळ जाते.

शेपूट सोलणं दिसतं सोपं, पण तिथे एक मजेशीर बग बसलेला असतो. लोक 'ए' च्या जागी '@', 'ओ' च्या जागी शून्य, 'एस' च्या जागी डॉलरचं चिन्ह टाकतात आणि फार हुशारी केली असं समजतात. चोराच्या प्रोग्रॅमला ते पहिल्यापासून पाठ आहे, तेव्हा तुझ्याही असलं पाहिजे. आता 'जालना' घे, पाच अक्षरी इंग्रजी स्पेलिंग, दोन्ही 'ए' काढून '@' टाक, आणि पुढे '@१२३' जोड. शेवटून अंक आणि चिन्हं सोलत गेलास तर '३', '२', '१', '@' जाईल, आणि मग शब्दाचा शेवटचा 'ए' होऊन बसलेला '@' सुद्धा जाईल. उरेल ते 'जाल्न'. यादीत नाही, म्हणून प्रोग्रॅम म्हणेल 'पक्का'. उलटं केलंस, म्हणजे आधी '@' चे 'ए' करून मग सोललंस, तर शेवटी एक जादाचा 'ए' चिकटून राहतो आणि शब्द तरीही सापडत नाही. उपाय: एकदम सोलू नको. एकेक अक्षर काढ, प्रत्येक पायरीवर चिन्हांची अक्षरं करून यादीत बघ, सापडलं की थांब. '१' कधी 'आय' असतो, कधी 'एल', तेही दोन्ही करून बघ.

आता यादी कोणाची, हा माझ्या मते या प्रोजेक्टचा गाभा. ड्रॉपबॉक्स कंपनीत डॅन व्हीलर यांनी २०१२ मध्ये 'झेडएक्ससीव्हीबीएन' नावाची लायब्ररी खुली केली. नाव विचित्र वाटतं, पण कीबोर्डची खालची ओळ बघ. ती नेमकं हेच करते: नमुने शोधते, अंदाज मोजते, शून्य ते चार असा शेरा देते. फार चांगलं काम आहे, तिचा कोड जरूर वाच. पण तिचे शब्द इंग्रजी आहेत, नावं अमेरिकेतली आहेत. तिला माहूरची रेणुका माहीत नाही, परळीचा वैजनाथ माहीत नाही, औंढ्याचा नागनाथ नाही, अंबाजोगाईची योगेश्वरी नाही. तिच्या लेखी ही सगळी अगम्य अक्षरांची जुळवाजुळव, म्हणून ती भरभरून आकडा देते.

तर ही यादी तू कर. आठ जिल्हे, त्यांचे तालुके, आणि जुनी नावंही ठेव; औरंगाबाद आणि उस्मानाबाद लोकांच्या पासवर्डातून इतक्यात जाणार नाहीत. देवस्थानं, नांदेडचा गुरुद्वारा, थोर पुरुषांची नावं आणि जयघोष. आई, बाबा, दादा, पिल्लू, सोन्या, छकुली. बैलांची नावं सर्जा आणि राजा. हसू नको, शेतकऱ्याच्या पोरानं पटकन आठवेल म्हणून ठेवलेला पासवर्ड हाच असतो. शेपट्यांची यादी वेगळी: १६३०, १६७४, १९४८, १०८, ७८६, ९६, सातबाराचे ७१२. गाडीच्या पासिंगचे एमएच-२० ते एमएच-२६, हिंगोलीचा ३८. नंबरप्लेटवर 'दादा' दिसावं म्हणून घेतलेला ४१४१ आणि 'बॉस' वाचला जाणारा ८०५५. पिनकोडही. ही यादी अमेरिकेतला कोणी करून देणार नाही आणि पुण्यातलाही अर्धीच करील.

यात अडचण येते ती स्पेलिंगची. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिण्याची एक रीत नाही. 'विठ्ठल'मध्ये 'टी' एक की दोन, 'लक्ष्मी'त 'एक्स' की 'केएसएच', 'ज्ञानेश्वर' 'डीएनवाय'नं की 'जीवाय'नं, 'मराठवाडा'त 'डब्ल्यू' की 'व्ही'. प्रत्येक रूप यादीत कोंबलंस तर यादी फुगते. त्यापेक्षा यादीतला शब्द आणि पासवर्ड दोघांनाही एकाच चाळणीतून काढ: जोडून आलेल्या दोन सारख्या अक्षरांचं एक कर, 'डब्ल्यू'चा 'व्ही' कर, 'एक्स'चा 'केएसएच' कर, दोन 'ई'चा 'आय' कर, दोन 'ओ'चा 'यू' कर, मग तुलना कर. क्रम सांभाळ, दोन 'ई'चं आणि दोन 'ओ'चं काम सारखी अक्षरं एक करण्याच्या आधी व्हायला हवं. वीसेक ओळींचं फंक्शन आहे, पण तुझ्या प्रोजेक्टमध्ये दुसऱ्या कोणाकडे नसेल असं हेच.

कोणी देवनागरीतच पासवर्ड टाकला तर? सरांनी हे विचारलं नसेल, तरी करून बघ. तुझ्या आत्ताच्या प्रोग्रॅमला 'कमल' दे. ही अक्षरं कॅपिटल नाहीत, स्मॉल नाहीत, अंक नाहीत, आणि अक्षरंच असल्यामुळे विशेष चिन्हांतही बसत नाहीत. एंट्रॉपीचं सूत्र लावलं असशील तर संचाचा आकार शून्य येतो, शून्याचा लॉग काढायला जातो आणि प्रोग्रॅम मॅथ डोमेन एरर देऊन पडतो. आता 'लातूर' दे. हा पडत नाही, उलट विशेष चिन्हाचा गुण घेतो! कारण पायथनच्या दृष्टीनं काना आणि दीर्घ ऊकार ही अक्षरं नाहीत, आणि 'अक्षर नाही, अंक नाही म्हणजे चिन्ह' असं तू लिहून ठेवलंय. लांबी विचारलीस तर पाच सांगेल, डोळ्याला तीनच अक्षरं दिसत असली तरी. मराठी अंक मात्र त्याला चालतात. देवनागरी '५' ला 'इज-डिजिट' विचार, होच म्हणतो.

त्याहून खोल खड्डा 'वाऱ्यावर' या शब्दात आहे. त्यातला 'ऱ' युनिकोडमध्ये एक अखंड अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि साधा 'र' अधिक खालचा नुक्ता असा दोन तुकड्यांतही. पडद्यावर दोन्ही सारखेच, हॅश वेगळे. मोबाईलवरून ठेवलेला पासवर्ड कॉम्प्युटरवरून चुकीचा ठरू शकतो. म्हणून तपासणीच्या आधी युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइज एकदा चालव, म्हणजे दोन्ही एकाच रूपात येतील. दुसरं, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतं, म्हणजे २४ चिन्हं. मोठं वाक्य ठेवणाऱ्याचं पुढचं सगळं वाया.

प्रोग्रॅम स्वतः सुरक्षित आहे का, हेही बघ. साध्या इनपुटनं पासवर्ड पडद्यावर दिसतो. टाईप केलेलं लपवणारं गेटपास मॉड्यूल वापर. ते आयडल एडिटरमध्ये नीट चालत नाही, इशारा देऊन पासवर्ड दाखवून टाकतं, म्हणून टर्मिनलमधून चालव. टाकलेला पासवर्ड कुठल्याही फाईलमध्ये लिहू नको. आणि मित्रांना त्यांचे खरे पासवर्ड टाकायला सांगणं आजपासून बंद. ऑनलाईन तपासणी जोडायची हौस असेल तर पासवर्ड चोरीला गेलेल्यांत आहे का ते सांगणारी 'हॅव आय बीन पोन्ड'ची सेवा आहे. तिला पासवर्ड पाठवायचा नसतो. त्याच्या शा-१ हॅशच्या ४० अक्षरांपैकी पहिली पाच पाठवायची, तिकडून त्या पाचांनी सुरू होणारे सगळे हॅश येतात, आणि जुळवणी आपल्याच मशीनवर होते.

निकाल सांगताना 'वीक' आणि 'स्ट्राँग' असे शिक्के मारू नको. 'हा गावाच्या नावावर साल जोडून केलाय, सुमारे १५ कोटी अंदाजांत सापडेल' असं कारणासकट सांग. 'फुटायला तीनशे वर्षं लागतील' असलं भविष्यही नको. ते हॅशवर आणि चोराच्या मशीनवर अवलंबून असतं. पक्का कधी म्हणायचं? मी स्वतः एक लाख कोटी अंदाजांच्या खाली तो शब्द वापरत नाही.

आणि कच्चा म्हटल्यावर पर्याय द्यावा लागतो. अरनॉल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये डाइसवेअर ही पद्धत मांडली: पाच फासे, ७,७७६ शब्दांची यादी, फासे सांगतील तो शब्द. असे चार शब्द म्हणजे जवळपास ५२ बिट. फाशानं निवडलेल्या आठ अक्षरी पासवर्डाइतकेच, पण लक्षात राहणारे. मराठी यादी करायची तर चार फासे आणि १,२९६ शब्द पुरतात. सहा शब्दांत ६२ बिट होतात. शब्द मनानं निवडायचे नाहीत, नाहीतर पुन्हा सर्जा-राजाच येतील. प्रोग्रॅमकडून निवडून घेणार असशील तर रँडम मॉड्यूल नको, सीक्रेट्स वापर.

सबमिशनला वेळ कमी असेल तर तारीख-मोबाईलचे नमुने नंतर कर, देवनागरी सोडून दे, ऑनलाईन तपासणी तर विसरच. आधी पंचवीसेक पासवर्डांची टेस्ट फाईल तयार कर: अर्धे जुन्या प्रोग्रॅमनं पाचपैकी पाच दिलेले, अर्धे खरोखर फाशानं काढलेले. दोन्ही प्रोग्रॅमचे निकाल शेजारी-शेजारी छाप. सरांना तो तक्ता आधी दाखव, कोड नंतर.